न वाजणारा डबा

"आणि आई, पीनट्स नकोत. म्हणजे कूट, तेल, चिक्की, काहीच नको. आन्याची अॅलर्जी परत वाढलीये. आणि घरात गन वगैरे नाहीये ना?"

रुहीनं हे एका दमात विचारलं आणि सुहासिनीनं शेपूची काडी मोडता मोडता "नाही गं" म्हटलं. दोन्हींना मिळून एकच नाही. फोन ओट्यावर उताणा पडला होता आणि त्यातून मुलाच्या नेपरव्हिलच्या घरातला डिशवॉशर ऐकू येत होता. "सॉरी हं, हे मी सगळ्यांनाच विचारते," रुही म्हणाली. "प्लेडेटला पाठवायच्या आधी, स्लीपओव्हरच्या आधी. पर्सनली नका घेऊ. माझ्या आईलासुद्धा विचारलं. ती म्हणाली, गन नाही पण विळी आहे, चालेल का?" सुहासिनी हसली. हसताना तिला कळत होतं की दुरुस्ती करायला जी फट होती ती या हसण्यानं बुजते आहे. अजून म्हणता आलं असतं, अगं थांब, पहिलं नाही, पण दुसरं आहे. सुनेनं मुलीच्या काळजीनं विचारलेला प्रश्न होता, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण तेवढ्यात पलीकडे आन्यानं फोन हिसकला. "आजी, डबा! डबा कर!" सुहासिनीनं सवयीनं हाताशी आलेला डबा कॅमेऱ्यासमोर धरून हलवला. खळखळ झाली. "राजमा," आन्या म्हणाली. "टू इझी." फोन बंद झाला तेव्हा शेपू निवडून झाला होता आणि सगळ्या काड्या भाजीत व पानं कचऱ्यात गेली होती.

भोंडल्याच्या खिरापतीचा हा खेळ तिनंच नातीला लावला होता. झाकलेला डबा, कानाशी धरायचा, हलवायचा, आवाजावरून आत काय ते ओळखायचं. नाहीच ओळखता आलं तर हरलो म्हणायचं, मग डबा आणणारीनं झाकण काढून दाखवायचं. मराठी बोलायला आन्या तयार नव्हती, आजीशी बोलायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि फोनच्या चौकोनात दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत बसायच्या. डब्यानं ते सोडवलं. साबुदाणा, लवंगा, बटणं, बॉबिनी. आन्याचा कान तयार झाला. आता ती म्हणे नेपरव्हिलच्या घरात दिसेल ते झाकलेलं उचलते आणि वाजवते, आईचे कानातले, बाबाच्या गोळ्या, आलेलं पार्सल. या वर्षी पहिल्यांदा ती खऱ्या भोंडल्याला येणार होती, फ्रिस्कोला, आजीकडे.

वस्तू झोपायच्या खोलीत पलंगाशेजारी होती, जिथे पूर्वी नवऱ्याचा, जगन्नाथचा चष्मा आणि पाण्याचं तांब्याभांडं असायचं तिथे. पुस्तकाएवढी लोखंडी पेटी, बोट ठेवलं की उघडणारी. सुहासिनीच्या बोटांचे ठसे शिवणाच्या सुईनं आणि गरम भांड्यांनी इतके झिजले होते की इमिग्रेशनच्या ऑफिसातल्या मुलीनं तिची बोटं लोशन चोळून पुन्हा पुन्हा काचेवर दाबली होती. ही पेटीही पहिल्यांदा तिला ओळखायची नाही. मग ती बोट पदराला पुसायची, फुंकर घालायची, आणि पेटी उघडायची. आत फोममध्ये ते निजलेलं असे. ते, नाहीतर वस्तू. पिस्तूल हा शब्द तिनं मनातसुद्धा वापरला नव्हता. तो मोठ्यानं बोलायचा शब्द होता, आणि इथे मोठ्यानं बोलायचं कुणाशी.

दाराचं हँडल खाली गेलं आणि वर आलं, एवढंच तर झालं होतं. जगन्नाथ गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. ती मशीनवर बसून मैत्रिणीच्या, रेणूच्या ब्लाउजला हुक लावत होती आणि समोरच्या दाराचं हँडल खाली गेलं. थांबलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं, या वेळी जरा जोरात. कुलूप होतं. मग काचेपलीकडे एक उंच सावली मागे सरकली आणि "ओह गॉड, सॉरी, राँग हाउस!" असं ओरडून हसत निघून गेली. शेजारच्यांचा पाहुणा. या रस्त्यावरची घरं आहेतच तशी, तीच वीट, तेच गॅरेज, तोच पोरसवदा ओक; पहिल्या वर्षी ती स्वतः दुधाची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या दाराशी किल्ली फिरवत उभी राहिली होती. कुणी तिला गोळी घातली नव्हती. हा विचार त्या संध्याकाळी तिला आला नाही, फार नंतर आला. त्या संध्याकाळी ती हुक हातात धरून बसून राहिली आणि हँडल खाली जात राहिलं. पुढे कित्येक दिवस जात राहिलं. भांडी घासताना पाठीमागे जायचं. अंघोळ करताना पाण्याच्या आवाजाखाली जायचं. मुलाला, प्रसादला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, डोअरबेल कॅमेरा लावून देतो, मला इकडे फोनवर दिसेल." म्हणजे तिच्या दाराचं हँडल आता नेपरव्हिललाही खाली गेलं असतं. रेणूला सांगितलं तर ती तिच्या नागपुरी सुरात म्हणाली, "अवं, एकटी राहते तर असं वाटतंच बाई. माझ्याकडे झोपायला ये. नाही तर कुत्रा पाळ. कुत्रा ब्लाउजचे पैसेही मागणार नाही आणि तुझ्यासारखा उशिरा देणारही नाही."

दुकानात ती एका दुपारी गेली ती अशी की जणू किराणा आणायला निघाली होती आणि गाडी तिकडे वळली. आत गालिचा होता, मंद दिवे होते, कुठेतरी कॉफी उकळत होती. सराफाच्या पेढीसारखं वाटलं. काउंटरमागे तिच्याच वयाची पांढऱ्या केसांची बाई होती, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. तिनं घाबरला आहात का, कशासाठी हवं, असं काहीच विचारलं नाही. "हात दाखवा, हनी," म्हणाली. सुहासिनीनं हात पुढे केला. बांगड्या भरताना कासार जसा पंजा दाबून माप बघतो तसा त्या बाईनं तो दाबला, अंगठ्याच्या बुडाशी चाचपलं, आणि मागे जाऊन काही नग आणले. पहिले दोन हातात खुळखुळले; कुठेतरी काहीतरी सैल होतं, स्वस्त मशीनच्या पायडलासारखं. तिसरं तिनं तळहातावर ठेवलं आणि ते गप्प होतं. हलवून पाहिलं. आवाज नाही. वरचा भाग, स्लाइड म्हणतात त्याला, मागे ओढला तर लोखंड लोखंडावरून असं सरकलं की मध्ये काही नसावंच, तुपातून सुरी जावी तसं, आणि सोडल्यावर जागेवर बसताना जो टक् झाला तो तिनं आयुष्यभर ऐकला होता. बॉबिनकेस नीट बसली की होतो तो आवाज. तो झाला की शिवणारीला खाली वाकून बघावं लागत नाही. "हे हातानं घासून बसवतात," बाई म्हणाली. "एक माणूस एकच नग पुरा करतो. म्हणून महाग." जगन्नाथनं तीन महिने तुलना केल्या असत्या. त्यानं मिक्सर घेतानाही तक्ता केला होता. तिची पहिली मशीन सासूची, दुसरी नणंदेनं टाकून दिलेली, हे घर मुलानं निवडलेलं. "हेच द्या," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला एकदम तरुण वाटलं.

बाईनंच शिकवलं, दुकानाच्या मागच्या रेंजवर. कानांवर मोठाली टोपणं चढवली की जग कापसात गुंडाळल्यासारखं होई. चाप ओढताना आधी थोडंसं मोकळं, मग एक भिंत, आणि मग ती भिंत वाळलेली काडी मोडावी तशी मोडायची, कुठलीही ओढाताण न होता. धक्का मनगटातून खांद्यात जायचा आणि नळी आपणहून पुन्हा त्याच जागी येऊन थांबायची, ओळीत लावलेल्या टाक्यासारखी. कागदावरची भोकं जवळजवळ पडत. "डोळा आहे तुम्हाला," बाई म्हणाली. सुईत दोरा ओवणारा डोळा होता तो, पण हे इंग्रजीत सांगण्याइतकं महत्त्वाचं नव्हतं. बाईचा एकच नियम होता आणि तो ती जप केल्यासारखा म्हणायची. आधी मॅगझिन बाहेर. गोळ्यांचा साठा आधी काढायचा, हातावेगळा करायचा, मग स्लाइड ओढून आत बघायचं. आधी मॅगझिन. बाकी सगळं नंतर. सुहासिनी मान डोलवायची. घरी आल्यावर ती मशीनच्याच तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन खाचांमधून फिरवायची, आणि खोलीभर तो ओळखीचा वास पसरायचा, दिवाळीआधीच्या गर्दीचा, परकराच्या ढिगांचा, जगन्नाथ मागून येऊन "आज जेवण मिळणार का?" विचारायचा त्या दुपारचा. सुरुवातीला गार असलेलं लोखंड हळूहळू तिच्याइतकं कोमट व्हायचं. मग कुठे संपते ती आणि कुठून सुरू होतं ते, हे बोटांना सांगता यायचं नाही. हँडल खाली जाणं कधी थांबलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती नीट झोपत होती. कुणाला सांगितलं नव्हतं, आणि न सांगण्यातच त्याची अर्धी ऊब होती.

आता मात्र ती पेटी दिसणार होती. रुही इथेच वाढलेली. अशी पेटी तिनं मैत्रिणींच्या घरी, बातम्यांत, शाळेच्या पत्रकात पाहिलेली असणार. ती म्हणेल, आई, हे काय? आणि मग नुसती पेटी नाही, ते 'नाही गं' पण उघडेल. पेटी पलंगाच्या पायाला तारेनं बांधलेली होती, ती सोडवून गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवायला सुहासिनीला वेळ लागला नाही. पण लपवलेल्या पेटीत वस्तू ठेवायला तिला नको वाटलं. पेटी सापडली तरी ती रिकामी असावी, असं काहीसं तिच्या मनात होतं. रिकाम्या पेटीबद्दल काहीही सांगता येतं. पाहुणे उतरणार त्या सकाळी ती खिडकीशी उभी राहिली. बाहेर स्प्रिंकलर गवतावर अर्धवर्तुळं काढत होता. तिनं खूप काळजीनं केलं सगळं. स्लाइड मागे ओढली, नळीच्या मागच्या तोंडाशी आत पाहिलं, रिकामं होतं, अगदी रिकामं, चकचकीत. सोडली. टक्. मग मॅगझिन काढलं, ते वेगळं मशीनच्या खणात चाकांच्या पट्ट्यांखाली ठेवलं. वस्तू जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळली, तान्ह्याला गुंडाळतात तशी, टोकं आत खोचून. आणि ते गाठोडं कडीच्या उभ्या डब्यात घालून डबा पँट्रीतल्या सर्वांत वरच्या फळीवर, पापडांच्या मागे सारला. सारल्यावर क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, दूध गॅसवर राहिल्यासारखं. तिनं गॅस बघितला. बंद होता.

आन्या फोनमधल्यापेक्षा उंच होती, गुडघे, कोपरं, पडलेला एक दात. आल्या आल्या तिनं आजीला मिठी मारली नाही, स्वयंपाकघरात गेली आणि खालच्या फळीवरचा पहिला डबा कानाला लावला. "मोहरी," म्हणाली, मराठीत. प्रसाद थक्क झाला. "अरे वा! आम्ही शनिवारच्या मराठी शाळेची फी भरतोय आणि ही आजीच्या पँट्रीत शिकली!" रुही हसत सोफ्यावर पडली होती, बूटसुद्धा न काढता. "आई, इथे इतकं शांत वाटतं ना. मला वाटायचं, तुम्ही एकट्या कशा राहता. बट यू लुक गुड. खरंच. झोप लागते का आता?" सुहासिनी म्हणाली, "लागते." हे खरं होतं. रुहीनं डोळे मिटले आणि तशीच मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "थँक यू हं, त्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत. काही लोक फार ऑफेंड होतात. माझ्या एका कझिननं तर फोनच ठेवला." सुहासिनी तिच्या पायातले बूट काढायला वाकली. "अहो आई, काय करताय!" रुही ओरडली आणि पाय वर घेतले, पण एक बूट सुहासिनीच्या हातात राहिला, गरम, हलका, आणि तो हातात धरून ती उगीचच काही वेळ उभी होती.

भोंडला दुसऱ्या दिवशी, रेणूच्या अंगणात. सकाळपासून रेणूचे फोन. "हत्ती काढला मी पुठ्ठ्याचा, पण तो डुकरासारखा दिसून राहिला. तुझ्या नातीला म्हणाव हसायचं नाही. आणि खिरापत काय करते? मला सांग नं, मी ओळखल्यासारखं करीन." सुहासिनीनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, कापडात बांधून, म्हणजे वाजू नयेत. दुपारी प्रसाद कारमध्ये खुर्च्या भरत होता. घरात तळणीचा वास स्थिरावला होता. परकर-पोलक्यातली आन्या इकडून तिकडे जाताना सळसळत होती, मग ती सळसळ पँट्रीत गेली आणि थांबली. सुहासिनी केसांना पिना लावत होती. आरशात तिला स्वतःच्या मागे बोळ, बोळाच्या टोकाला पँट्रीचं उघडं दार आणि दारात स्टूल दिसलं. तिचंच स्टूल, ज्यावर चढून ती वरचं काढायची. आरशात सगळं लांब आणि बिनआवाजाचं होतं. आन्या स्टुलावरून उतरत होती. कडीचा डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. खाली बसून तिनं तो मांडीत घेतला, कान टेकवला आणि हलवला. पुन्हा हलवला. चेहऱ्यावर तो परीक्षेचा भाव. "आजी," तिनं हाक मारली, "ह्यात काहीतरी आहे पण ते बोलत नाही. इट्स हेवी. इट्स स्लीपिंग."

बोळ संपत नव्हता. सुहासिनी चालत होती आणि पँट्री तेवढीच दूर राहत होती, पायांखालचा गालिचा उलटा सरकत असल्यासारखा. आन्याचा अंगठा कडीखाली गेला होता. "उघडू नको," ती म्हणाली. मग एकदम ती तिथे होती, डबा तिच्या हातात होता, आणि पाठीमागे रुही हसत उभी होती. "ओह, हीच ती सीक्रेट खिरापत? आन्या, गेस कर." "आय कान्ट. हरलो," आन्या म्हणाली. "मीपण हरलो," रुही म्हणाली. "सांगा आई."

आत्ताही सांगता आलं असतं काहीही. जुना देव आहे. दिवाळीची भेट आहे, बघायची नाही. सुहासिनीच्या तोंडाशी ती वाक्यं आलीही. पण डबा धरलेल्या तळहाताला त्या गाठोड्याचं वजन कळत होतं, आणि त्या वजनावर आन्याचा कान नुकताच टेकलेला होता. "रुही," ती म्हणाली, "हिला बाहेर नेऊन बसव. प्रसादजवळ. आणि तू ये." रुहीनं तिच्याकडे पाहिलं. हसू हळूहळू उतरलं, आधी डोळ्यांतून, मग ओठांवरून. तिनं आन्याला उचललं.

परत आल्यावर ती दारातच थांबली. सुहासिनीनं ओट्यावर साडीचा तुकडा उलगडला. दुपारच्या उजेडात वस्तू फार सुंदर दिसत होती. "त्या दिवशी मी नाही म्हटलं," सुहासिनी म्हणाली. "होतं." रुहीचा हात दाराच्या हँडलवर होता. "रिकामं आहे," सुहासिनी म्हणाली. "मी स्वतः बघितलं. गोळ्या वेगळ्या आहेत, मशीनच्या खणात. बघ, दाखवते." नळी भिंतीकडे करून तिनं स्लाइड मागे ओढली, आणि तिच्या समोरून पिवळं काहीतरी उडालं, ओट्यावर आपटलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं. डब्यात नव्हता तो आवाज आता होता, स्वच्छ, पितळी, लहान मुलानं घुंगरू टाकावं तसा. दोघी ते घरंगळणं ऐकत राहिल्या. ते रुहीच्या पायाशी येऊन थांबलं. पूर्ण गोळी. न झाडलेली.

सुहासिनीला खिडकी दिसली, स्प्रिंकलर दिसला, आणि टक् ऐकू आला. स्लाइड सोडल्यावर होणारा तो समाधानाचा आवाज. मॅगझिन तेव्हा आतच होतं. त्या आवाजानंच त्यातली वरची गोळी उचलून नळीत नेऊन बसवली होती, आणि मग तिनं मॅगझिन काढून घेतलं होतं. आधी जे करायचं ते तिनं नंतर केलं होतं. बॉबिन बसली आहे अशा खात्रीनं तिनं खाली वाकून पाहिलंच नव्हतं.

"शी शुक इट," रुही म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तिनं कानाला लावलं होतं, आई." ती वाकली नाही. पायाशी पडलेल्याला तिनं हात लावला नाही, फक्त पाऊल उचलून मागे घेतलं, आणि सुहासिनीला कालचा तो गरम, हलका बूट आठवला. "आम्ही हॉटेलला जातोय. मी प्रसादला सांगते." ती गेली नाही मात्र. तिथेच उभी राहिली, जणू आणखी काही व्हायचं शिल्लक आहे.

बाहेर कारचं दार आपटलं. परकराची सळसळ अंगणातून आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबली. जाळीला नाक लावून आन्या ओरडली, "आजी! आम्ही हरलो ना! आता सांग! काय होतं?" रुहीनं मान वळवली नाही. ती सासूकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तोच फोनवरचा प्रश्न होता, जसाच्या तसा, शेंगदाण्यांशिवाय.

सुहासिनी खिडकीशी गेली. जाळीपलीकडे चेहरा धूसर होता, पडलेल्या दाताची काळी चौकट तेवढी स्पष्ट. "बंदूक होती, आन्या," ती म्हणाली. "खरी. भरलेली."

आन्यानं विचार केला. मग ती हसली, आजी फसवत असल्यासारखी, आणि जाळीवर बोट आपटत म्हणाली, "नो, आजी. खायचं सांग. खिरापत खायची असते."